वावड्याशी तडजोड



मालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते' असे छापले आहे आणि विषय मात्र दवाखान्यातला आहे. हे पाहून आपल्यापैकी काहींना छापखान्याची चूक वाटली असेल. छापखान्याचे चुकलेले नाही. चूक झाली होती ती माझ्या हातून, आणि ती कशी झाली हे सांगितल्यावाचून मी हा विषय का घेतला ते कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमध्ये एका मोठ्या बेकरीतले कामगार होते. त्यांत मैदा चाळणारा एक गडी होता, वय पस्तिशीच्या आतबाहेर. रात्रपाळीला पोते फोडले की त्याला शिंका सुरू व्हायच्या, नाक गळायचे, डोळे चुरचुरायचे. पुढे पहाटेला छाती दाटू लागली, श्वासाबरोबर शीळ वाजू लागली. गणपतीला आठ दिवस गावी गेला की माणूस ठणठणीत. परत आला की दुसऱ्या रात्री पुन्हा तीच गत. डॉक्टरांनी सांगितले, तुम्हाला पिठाचे वावडे आहे. पाववाल्याला पिठाचे वावडे म्हणजे कोळ्याला पाण्याचे वावडे! काम सोडावे तर चूल कशावर पेटवायची? कुणीतरी म्हणाले, यावर इंजेक्शने असतात. ज्याचे वावडे त्याचीच टोचतात आणि वावडे जाते. मी मालकापुढे मागणी मांडली की इंजेक्शनांचा खर्च कंपनीने द्यावा. मालकांनी ती एका बैठकीत मान्य केली. इतक्या चटकन मान्य होणारी मागणी उलटून पालटून पाहावी, हे इतकी वर्षे वाटाघाटी केलेल्या माणसाला सुचायला हवे होते. मला सुचले नाही. मी सही केली आणि वर हारही घालून घेतला.

इंजेक्शने एका लहानशा दवाखान्यात दर आठवड्याला सुरू झाली. बाटलीत कशाकशाचे अर्क मिसळले होते ते चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. टोचून झाले की 'या आता' म्हणत. सातव्या की आठव्या खेपेला तो टोचून घेऊन बसथांब्यावर जाऊन उभा राहिला आणि तेथेच त्याच्या अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका रिक्षावाल्याने त्याला उचलून इस्पितळात नेले म्हणून तो वाचला. आणि या सगळ्या आठवड्यांत रात्री तो त्याच खोलीत, त्याच धुळीत, तोच मैदा चाळत होता.

त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर बसून मी ठरविले की ज्यावर सही केली ते आता तरी समजून घ्यायचे. ओळखीच्या डॉक्टरांच्या मागे लागून, कोश पुढ्यात घेऊन, अडखळत वाचून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. हा प्रश्न एका बेकरीचा नाही. या मांडवातही दोनचार रुमाल नाकाला लागलेले मला येथून दिसत आहेत.

प्रथम, वावडे म्हणजे काय? 'अॅलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फोन पिर्के यांनी बनविला. शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. ती परका पदार्थ ओळखते, त्याची खूण लक्षात ठेवते आणि पुन्हा दिसला की तुटून पडते. देवी, घटसर्प, धनुर्वात यांच्या लशी याच स्मरणशक्तीवर चालतात. वावड्यात ही फौज भलत्यालाच चोर समजते. गवताचा पराग, अंथरुणाच्या धुळीत राहणारा डोळ्यांना न दिसणारा माइट नावाचा जीव, मांजराच्या अंगचा कोंडा, गव्हाचे पीठ. यांपैकी कोणी आपल्या घरात चोरी करायला आलेला नसतो. पण शरीर त्याच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड १९६६ च्या सुमारास किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत आणि त्याच काळात स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधले. १९६८ साली त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई, थोडक्यात आयजीई, असे नाव मिळाले. हे प्रतिपिंड नाक, घसा, फुप्फुसे आणि कातडी यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. ओळखीचा पदार्थ आला की त्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर टाकतात. शिंका, खाज, गांधी, धाप हे सारे त्या द्रव्यांचे काम. चोर आलेलाच नाही, पण रखवालदाराने सगळी आळी जागी केली, असा हा प्रकार आहे.

आपण ज्या गोळ्या घेतो, नाकात जे फवारे मारतो, ते हा गोंगाट दाबतात. ते उपयोगी आहेत आणि त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण गोळी थांबली की रखवालदार पुन्हा तोच. त्याची समजूत बदलण्याचा प्रयत्न करणारा इलाज एकच, आणि तोच आजचा विषय: ज्याचे वावडे, त्याचाच अर्क अगदी सूक्ष्म मात्रेपासून चढवीत देणे.

या इलाजाचा जन्म लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळातला. विलायतेत उन्हाळ्याच्या तोंडाला गवत फुलते आणि असंख्य माणसांना शिंका व डोळ्यांची आग यांनी हैराण करते. त्याला आपण परागज्वर म्हणू. त्याचे कारण पराग, हे १८७३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी पुस्तक लिहून दाखविले. ते स्वतः या रोगाचे रोगी. त्यांनी पराग स्वतःच्या नाकात घातले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर ठेवले आणि काय होते ते टिपून ठेवले. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: जे शेतकरी सदा गवतात राबतात, त्यांनाच हा रोग क्वचित होतो.

पुढे १९११ च्या जून महिन्यात सेंट मेरीजच्या लेनर्ड नून यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात एक छोटा लेख लिहिला. टिमोथी गवताच्या परागाचा अर्क काढून तो त्यांनी रोग्यांना टोचला होता, आधी अगदी थोडा, मग चढता. किती टोचायचे याला माप हवे म्हणून त्यांनी एक एकक ठरविले: एक मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाइतक्या परागातून जेवढे द्रव्य उतरते तेवढे. रोग्याच्या डोळ्यात अर्काचा थेंब घालून डोळा लाल व्हायला किती तीव्र थेंब लागतो हे ते पाहत, आणि त्यावरून सहनशक्ती वाढली की घटली हे ठरवीत. मात्रा घाईने किंवा जास्त दिली तर वावडे कमी होण्याऐवजी वाढते, हेही त्यांना दिसून आले. त्यांना क्षय झाला होता. १९१३ साली ते वारले. काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेले.

यात एक गंमत आहे. परागात एक विष असते आणि आपण टोचून त्याचा उतारा शरीरात तयार करतो, अशी नूनसाहेबांची समजूत होती. ती चुकीची ठरली. परागात विष नसते. कारण चुकले, पण रीत बरोबर निघाली, कारण त्यांनी मोजून टोचले आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले.

आपल्याकडे लस म्हटली की मुंबईची आठवण होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था आजही त्यांच्या नावाने उभी आहे. पण त्या लशीत आणि या लशीत फरक आहे, तो ध्यानात ठेवा. प्लेगची लस शरीराला लढायला शिकविते, तर ही लस शरीराला न लढायला शिकविते. शिकविताना काय घडते, तेही आता बरेच कळले आहे. फौजेला आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढतात. त्याच पदार्थाविरुद्ध दुसऱ्या जातीची प्रतिपिंडे तयार होतात. ती पदार्थाला वाटेतच अडवून मास्ट पेशींपर्यंत पोचू देत नाहीत. आयजीई मात्र प्रारंभी थोडी वाढते आणि मग वर्षावर्षांनी सावकाश उतरते. साधारण रीत अशी: काही महिने दर आठवड्याला चढती मात्रा, मग महिन्याकाठी एक, असे तीन ते पाच वर्षे. काही वावड्यांसाठी जिभेखाली ठेवण्याच्या गोळ्याही निघाल्या आहेत. त्यांतली पहिली मात्रा डॉक्टरांसमोर आणि पुढच्या रोज घरी घ्यायच्या असतात.

आम्हा युनियनवाल्यांना ही रीत परकी वाटू नये. एका रात्रीत मिळालेला करार टिकत नाही. थोडे थोडे पुढे सरकावे लागते, फार ताणले तर बोलणी मोडतात, आणि बोलणी मोडली तर आधीपेक्षा वाईट होते.

आता या तडजोडीच्या अटी सांगतो. पहिली अट: समोर नेमका कोण आहे ते ठाऊक पाहिजे. कातडीवर टोच चाचणी करतात किंवा रक्तातली आयजीई पाहतात. पण चाचणीत डाग उठला एवढ्याने भागत नाही. त्या पदार्थाने प्रत्यक्षात त्रास होतो का, कोणत्या ऋतूत, कोणत्या खोलीत, हे विचारावे लागते. आमच्या गड्याचेच पाहा. बेकरीच्या हवेत एकटा गहू नसतो. पाव फुगावा म्हणून पिठात घालतात ते बुरशीपासून काढलेले अमिलेज नावाचे विकर असते, आणि त्याचेही वावडे होते. साठवलेल्या पिठात माइट असतात. घरच्या गादीतही माइट असतात. यांतला कोण, हे न ठरविता टोचणे म्हणजे भलत्याच मालकाशी करार करणे.

दुसरी अट: अर्क खरा आणि मोजलेला हवा. याचे सर्वांत बोलके उदाहरण मधमाशी आणि गांधीलमाशीच्या दंशाचे आहे. काही माणसांना एका दंशाने प्राणावर बेतते. त्यांना अनेक दशके अख्खी माशी वाटून काढलेला अर्क टोचीत असत आणि सर्वांना वाटे की गुण येतो. अमेरिकेत १९७८ साली एक कसोटी प्रसिद्ध झाली. रोग्यांचे तीन गट केले: एकाला औषध नसलेले इंजेक्शन, दुसऱ्याला अख्ख्या माशीचा अर्क, तिसऱ्याला निव्वळ नांगीतले विष. मग इस्पितळात सर्व तयारी ठेवून मुद्दाम दंश करविला. औषध नसलेल्या गटात १२ पैकी ७ जणांना अंगभर प्रतिक्रिया आली. अख्ख्या माशीच्या गटात ११ पैकी ७. विषाच्या गटात १८ पैकी १. म्हणजे इतकी वर्षे जे टोचत होते ते पाण्याहून बरे नव्हते, आणि जे खरे होते ते जवळजवळ सर्वांना तारीत होते. परागाच्या बाबतीत अशीच कसोटी सेंट मेरीजच्या विल्यम फ्रँकलंड यांनी १९५४ साली घेतली होती. तीत खऱ्या अर्काचा गुण खोट्याहून स्पष्ट दिसला. हे फ्रँकलंड १०८ वर्षे जगले आणि २०२० साली वारले. म्हणून मी सांगतो, बाटलीवर काय आहे ते विचारा. दहा पदार्थांची खिचडी एका बाटलीत असेल तर त्यातल्या कोणाचीच मात्रा पुरती पोचत नाही.

तिसरी अट: टोचल्यावर थांबायचे. ज्याने त्रास होतो तेच शरीरात घालीत असल्याने धोका असतोच. विलायतेतल्या औषध-सुरक्षा समितीने १९८६ साली सांगितले की १९५७ पासून अशा इंजेक्शनांनी २६ माणसे दगावली. तेव्हापासून तेथे नियम कडक झाले. घातक प्रतिक्रिया बहुधा पहिल्या अर्ध्या तासात सुरू होते, म्हणून निदान अर्धा तास दवाखान्यातच बसायचे आणि तेथे अॅड्रिनॅलिन भरून द्यायला माणूस हजर पाहिजे. ज्याचा दमा आटोक्यात नाही त्याला ही इंजेक्शने द्यायची नाहीत. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याने ते आधी सांगायचे. आमचा गडी धाप लागत असताना टोचून घेत होता आणि पाच मिनिटांत रस्त्यावर येत होता. दोन्ही नियम मोडले गेले, आणि दोन्ही मला ठाऊक नव्हते.

चौथी अट धीराची. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात, गवताच्या परागाची इंजेक्शने तीन-चार वर्षे घेऊन थांबलेल्या माणसांना पुढे तीन वर्षे गुण टिकलेला दिसला. जगात दुसऱ्या कोणत्या वावड्याच्या औषधाची अशी गोष्ट ऐकू येत नाही. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात हाच उपचार दोनच वर्षे दिला, आणि थांबल्यावर वर्षभराने औषध घेतलेले व न घेतलेले यांत फरक उरला नाही. दोन वर्षांनी सोडणे म्हणजे विहीर पाण्याच्या वर दोन हात असताना खणणे थांबविणे.

आता हिशेब करा. दर आठवड्याला टोचायला जायचे, अर्धा तास बसायचे, जाण्यायेण्यात अर्धा दिवस. रोजंदारीच्या माणसाला तो खाडा आहे. बरे वाटू लागले की दुसऱ्याच वर्षी तो सोडतो, आणि लोक म्हणतात, 'गरीब माणसांना चिकाटी नसते.' चिकाटी असते हो. पगारी रजा नसते. हा उपचार ज्यांना मोफत किंवा स्वस्तात द्यायचा, त्यांना तेवढ्या तासांची हजेरीही द्यावी लागेल. ही मागणी मी आता बाटलीच्या किमतीच्या आधी लिहितो.

आणि शेवटी या इलाजाची मर्यादा. पराग, घरच्या धुळीतले माइट, माशीचे विष यांवर याचा गुण पुरता सिद्ध झालेला आहे. मधमाश्या पाळणाऱ्याला विषाचे वावडे झाले तर या उपचाराने तो पुन्हा पेट्यांपाशी उभा राहू शकतो. भुईमुगाच्या वावड्यासाठी २०२० साली अमेरिकेत तोंडाने द्यायचे औषध मान्य झाले. त्याचा हेतू मुलाने चुकून घास खाल्ला तर जीव वाचावा इतकाच, मनसोक्त दाणे खाण्याची ती परवानगी नव्हे. पण सगळा त्रास या जातीचा नसतो. गिरणीत कापसाच्या धुळीने सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, तो रोग निराळा. त्याला ही लस नाही. सिमेंटने गवंड्याच्या हाताला होणारा इसब निराळा, त्यालाही नाही. पिठाच्या दम्यावर काही लहान प्रयोग झालेले आहेत, पण तेवढ्यावर कामगाराला पुन्हा धुळीत उभे करावे असा पुरावा त्यांत नाही.

१७०० साली इटलीतल्या मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टराने धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. भटारी आणि गिरणवाले यांच्या छातीत पीठ जाऊन काय होते ते त्यात आहे. डॉक्टरांनी रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा असे त्यांनी सांगितले: तुझा धंदा काय? तीनशे वर्षे होऊन गेली. आमच्या गड्याला तो प्रश्न ज्या डॉक्टरांनी विचारला त्यांनी रोग ओळखला; ज्या युनियनवाल्याने धंदा पुरता ठाऊक असून पुढचा प्रश्न विचारला नाही, तो मी.

लस माणसाला बदलते, हवेला बदलत नाही. परागाची धूळ निसर्गाची आहे. गवताला फुलू नको असे कोण सांगणार? तेथे माणसाच्या शरीराने जुळवून घेणे हेच शहाणपण, आणि त्यासाठी हा इलाज मोलाचा आहे. पण भट्टीघरातली धूळ मालकाची आहे. तिला झाकण घालता येते, पंख्याने ओढून घेता येते. तेथे आधी धूळ कमी व्हायला हवी. नाहीतर लस म्हणजे मालकाने स्वस्तात विकत घेतलेली आमची सहनशक्ती होईल. मी पहिल्या बैठकीत नेमकी तीच विकून आलो होतो.

आम्ही पुन्हा बोलणी केली. पोती झटकायची नाहीत, मळणीच्या यंत्राला झाकण, यंत्र आरंभी हळू फिरवायचे, कोरडा झाडू बंद, चाळणीवर हवा ओढणारे धुराडे, विकराची भुकटी न वापरता ते द्रव रूपात घ्यायचे. आणि ज्याला दमा जडला त्याला पगार न घटविता पिठापासून दूर काम. धंद्यामुळे जडलेला दमा कायद्याच्या रोगांच्या यादीत आहे, हे तेव्हा आम्ही टेबलावर ठेवले. ही मागणी एका बैठकीत मान्य झाली नाही; सात बैठका लागल्या. आमचा गडी आज बांधणीच्या खात्यात आहे. त्याची धाप पुष्कळ कमी झाली, पण पुरती गेली नाही. उशिरा बाहेर काढलेल्या माणसाचे असेच होते. फवारा त्याच्या खिशात असतो. भेटला की हसतो. मला मात्र बसथांबा आठवतो.

बंधुभगिनींनो, आपल्या घरी कुणाला हा इलाज सुचविला तर भिऊन नाही म्हणू नका आणि भुलून हो म्हणू नका. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा: वावडे नेमके कशाचे ते कसे ठरविले? बाटलीत काय आणि किती आहे? टोचल्यावर मला अर्धा तास बसवून कोण पाहील? तीन वर्षे हे चालवायची सोय आहे का? आणि दुखणे कामावर वाढून रजेत उतरत असेल, तर पाचवा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, मालकाला विचारा. तो एकट्याने विचारू नका. चार जण मिळून विचारा.